पेटीतलं हसू

१४ जुलै, सोमवार

लिही सविता. पेन नीट धर, आणि मी बोलते तेच लिही. तुझं बी.ए. त्यात कालवू नकोस. मला अक्षर येत नाही हे यावलपासून आमच्या गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलता येतं, हेही ठाऊक आहे.

लिहून ठेवायचं कारण एकच. आमच्या बैठकीच्या भिंतीला एक काळी पेटी लटकवलेली आहे, आणि तिनं माझा नातू नासवला. तेजस सात वर्षांचा आहे. उद्या मोठा होऊन कुणाची कानफटात खाऊन आला, की माझा पोरगा हितेंद्र मलाच विचारेल, "आई, तू घरात होतीस ना?" तेव्हा ही वही त्याच्या पुढ्यात टाकीन. म्हणीन, वाच बापा, म्हातारी ओरडत होती, तू केळीच्या बागेत होतास आणि बाकीचा वेळ मोबाइलात.

आजचं ऐका. पोरगं जेवायला बसलं होतं. डोळे पेटीत, घास हवेत. आईला, म्हणजे या माझ्या सुनेला, म्हणालं, "ए पहाड! पाणी ला, निकम्मी!"

सविता अंगानं भरलेली आहे. थांबलीस का? लिही, खोटं आहे का ते? पेन चालत नाही म्हणे. झटक.

मी पोराच्या मांडीवर एक चापट दिली. खरं सांगायचं तर आधी मला हसू आलं, मग हात गेला. सविता पाणी घेऊन आली, ठेवलं आणि आत गेली. ही बाई कधी काही बोलतच नाही. त्यामुळे घरात सगळं मला बोलावं लागतं.

१६ जुलै, बुधवार

शत्रू नीट बघून घ्यावा म्हणून आज मी पेटीसमोर बसले. तेजसला इतका आनंद झाला की त्यानं मला स्वतःची उशी दिली.

त्या कार्टूनचं नाव 'पिद्दी-पहाड'. पिद्दी म्हणजे काडीसारखा एक पोरगा, आणि पहाड म्हणजे लठ्ठ पहिलवान. पहाड खातो, घोरतो आणि पडतो, एवढंच त्याचं काम. पिद्दी त्याला तोंड उघडलं की 'मोटे', 'गधे', 'नालायक' म्हणतो. 'पहाड, जरा इकडं ये' असं साधं एक वाक्य नाही. त्यात एक चोर आहे, तो कोळशासारखा काळा. एक बाई आहे, तिचे दात पुढं आहेत, तिला बघून सगळे पळतात. आणि कुणी पडलं, कुणाला शिवी बसली, की पेटीतून पुष्कळ माणसं एकदम हसतात. ती माणसं दिसत नाहीत. मी विचारलं, "हे कोण हसतंय रे?" तेजस म्हणाला, "कुणी नाही. हसायचं केव्हा ते कळावं म्हणून असतं."

ऐकलंस सविता? हसायचं केव्हा ते पेटी सांगणार.

आणखी एक. त्या पहाडावर रोडरोलर गेला, तो पापडासारखा चपटा झाला, आणि लगेच फुगून पुन्हा उभा. रडला नाही, रुसला नाही, पुढच्या भागात पुन्हा पिद्दीच्या मागं. मग पोराला वाटणारच की माणूस असाच असतो. आमच्याकडं एकदा चपटं झालेलं माणूस काही असं फुगून येत नाही.

आणि शिव्या तरी काय! 'निकम्मा', 'नालायक'. ना चव, ना मीठ. असल्या शिव्या मी बैलालासुद्धा दिल्या नाहीत. माणसाला असं बोलावं की त्याला घरी गेल्यावर कळावं. तेजसला मी दोन-चार म्हणून दाखवल्या, फरक कळावा म्हणून. पोरगं लोळून लोळून हसलं.

१९ जुलै, शनिवार

शाळेतून बोलावणं आलं. सविता गेली, मीही गेले, कारण सविता तिथं नुसती 'हो मॅडम, हो मॅडम' करून आली असती.

बाईंनी सांगितलं ते असं. तेजसच्या वर्गात समाधान नावाचा मुलगा आहे. त्याचे आईबाप केळीच्या कापणीला जातात. मधल्या सुट्टीत चोर-पोलीस खेळतात, त्यात तेजस रोज समाधानलाच चोर करतो. परवा त्या पोरानं विचारलं, "मी कधी पोलीस होऊ?" तर आमचा राजा म्हणाला, "तू काला है. काला चोर ही होता है." आणि बाकीची पोरं हसली, पेटीतल्यासारखी, सगळी एकदम. समाधान तेव्हापासून सुट्टीत वर्गातच बसून राहतो.

घरी येताना मी तेजसला धरलं. "समाधान चोर आहे का रे?"

"नाही."

"मग?"

"पण काळा असतो तो चोरच असतो ना आजी. नेहमी."

"आणि मी? मी तव्यासारखी काळी आहे. मी कोण मग?"

त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता. मग म्हणाला, "तू कार्टूनमध्ये नाहीस."

हे मी हितेंद्रला सांगितलं. तो हसला. "आई, लेकरू आहे. मोठं झालं की विसरेल." हितेंद्रला वाटतं सगळंच आपोआप होतं, ठिबकचा कॉक फिरवला की झालं.

मी पेटीची वायर उपटली. पोरानं रडून रडून घर डोक्यावर घेतलं, आणि हितेंद्रनं ती पुन्हा लावली. माझ्या घरात माझं इतकंच चालतं. लिही, हे ठळक लिही.

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची अवस

सकाळी दिवे घासून पुसून मांडले आणि तेवढ्यात शिंदखेड्याहून फोन आला. लोटनभाऊंचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा. हितेंद्रशी बोलले. यंदा कानबाईला घरी येतो म्हणाले, रोट पुन्हा एक करू म्हणाले.

हे कुणी परक्यानं वाचलं तर कळावं म्हणून सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याला घरातल्या माणसांच्या नावानं मूठ-मूठ गहू घेऊन दळतात आणि त्याचे रोट, म्हणजे ज्याच्या-त्याच्या नावाच्या जाड पोळ्या, करतात. ते भाऊबंदांनीच खायचे, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्याला तुकडा द्यायचा नाही, आणि टाकायचा तर मुळीच नाही. घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी रोट एक असतो तोवर घर एक. लोटनभाऊंनी रोटही वेगळा केला, त्याला खूप वर्षं झाली. त्यांना दोन मुलीच, त्या आपापल्या घरी. भाऊंना आता दम लागतो. त्यांच्यामागं त्यांच्या नावाची मूठ टाकायला कुणी नाही. ती मूठ आमच्या सुपात पडावी, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. पण पार्वताबाई, म्हणजे माझी जाऊ, हो म्हणाली तरच, असंही म्हणाले.

रोट वेगळा का झाला, ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. आम्ही दोघी जावा समोरासमोर बसून रोटाचं दळायचो. एकदा सगळे भाऊबंद जमले होते, तेव्हा मी गंमतीनं म्हटलं, "पार्वता, तू जात्याच्या वरच्या तळीवर नुसती बसलीस तरी पीठ पडेल, फिरवायला नको." सगळे हसले. तीही हसली, पदर सारखा करत. हसणारी बाई रागावते का कुठं? पुढच्या वर्षी ते आलेच नाहीत.

मला ती यायला हवी आहे. का, ते विचारू नका. सविताला जातं ओढता येत नाही आणि मला एकटीला ते फिरत नाही. रोटाचं पीठ गिरणीतून आणताना दरवर्षी माझा जीव खाली-वर होतो.

हितेंद्र म्हणाला, "आई, काकूशी जपून बोल या वेळी."

मी म्हटलं, "काय जपायचं? केळीचं खोड आहे ते. वरून गोल गोल, आत नुसतं पाणी. एक वार केला की बसलं खाली, आणि मग रडतंय आठ दिवस."

तेजस भाकरी खात होता. एवढा हसला की ठसका लागला. पेटी चालू होती, पिद्दी ओरडत होता, आणि पोरगं पेटीकडं पाठ करून माझ्याकडं बघून हसत होतं. म्हणाला, "आजी, परत बोल ना!" मी परत बोलले. पेटीला मी पहिल्यांदा हरवलं ते आज.

सविता, पेनाला काय झालं पुन्हा?

२७ जुलै, रविवार

तेजसला बसवून शिकवलं. शिंदखेड्याची आजी आली की पाया पडायचं. 'मोटी' म्हणायचं नाही, 'पहाड' म्हणायचं नाही, 'गधी' म्हणायचं नाही. पेटीतला एक शब्द तोंडातून निघाला तर पेटी विहिरीत टाकीन. त्यानं देवासमोर शपथ घेतली. पोरगं शब्दाचं पक्कं आहे.

आणि हितेंद्रकडून कबूल करून घेतलं की पाहुणे आहेत तोवर पेटी बंद. आता काही धोका नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आले. दुपारच्या बसनं, यावलहून रिक्षा करून. लोटनभाऊ अर्धे झालेत. पार्वता अर्धी झालेली नाही. हे मी मनात म्हटलं, सविता, तोंडानं नाही, पण लिहायला हरकत नाही.

ती दारात उभी राहिली. मी म्हटलं, "ये."

ती म्हणाली, "कशी शेस अक्का?" इतकी वर्षं झाली तरी तिची बोली तशीच, शिंदखेड्याची.

"आहे अजून. तू?"

"मी बी शे."

तेजस आला, वाकून पाया पडला, 'आजी' म्हणाला. पार्वतानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. पदराच्या गाठीतून खडीसाखर काढून दिली. त्याला म्हणाली, "बठ्ठी खाई टाक, कोनले देऊ नको." पोरगं तिच्याकडं टकामका बघत होतं. मला वाटलं, खडीसाखर आवडली.

संध्याकाळी पार्वता स्वतः उठून कोपऱ्यातल्या जात्याकडं गेली. त्याच्यावरचं गोणपाट काढलं, खुंटा हलवून बघितला. म्हणाली, "ढिला शे. हितेंद्रले सांग, पाचर ठोकी दे." मग मला कळलं की ती दळणार आहे.

आज झोप लागेल.

२ ऑगस्ट, शनिवार

सगळं लिही. मला आवडो न आवडो.

सकाळी अंघोळी करून गहू घेतले. पार्वतानं तिच्या नावाची मूठ आमच्या सुपात टाकली, मग भाऊंनी आपल्या नावाची टाकली आणि तोंड दुसरीकडं वळवलं. पार्वता आणि मी जात्याला बसलो. पाय पसरून, समोरासमोर, खुंट्यावर हातावर हात. पहिले काही फेरे जातं अडखळलं, मग लागलं फिरायला. तिनं कानबाईचं गाणं धरलं. मी मागं म्हटलं. माझा आवाज फाटका झालाय, तिचा अजून तसाच आहे. सविता उंबऱ्यात बसून ऐकत होती. भाऊ बाहेर ओट्यावर होते, त्यांनी खोकला दाबून धरला होता.

तेजस आला. त्याला काही करायला नव्हतं, पेटी बंद. जात्याजवळ उकिडवा बसला, पार्वताकडं बघत राहिला, मग माझ्या तोंडाकडं. मग मोठ्यानं विचारलं, "आजी, केळीचं खोड ते हेच का? वरून गोल गोल, आत नुसतं पाणी?"

आणि हसला. एकटाच. पेटीतल्यासारखा. माझ्याकडं बघत, मी कधी हसते त्याची वाट बघत.

जातं थांबलं.

सविता धावत आली, पोराला उचललं. तो म्हणायला लागला, "पण मी 'मोटी' नाही म्हटलं! मी पेटीतलं काहीच नाही म्हटलं!" खरंच होतं ते. शब्दाचं पक्कं पोरगं.

मी म्हटलं, "पार्वता, टीव्ही बघून बघून पोरं अशी झालीत. काय काय शिकवतात त्या कार्टूनात."

तिनं खुंट्यावरचा हात काढला नव्हता. हळूच म्हणाली, "टीव्हीमा केळीनं खोड ऱ्हास का व, अक्का?"

टीव्हीत केळीचं खोड असतं का, म्हणे. मी नुसती सुपातले गहू चाळत राहिले. असं माझं कधी होत नाही. दळण फार जोरात चाललं होतं, दम लागला असेल.

मला वाटलं ती उठणार. पण रोटाचं दळण अर्ध्यावर सोडत नाहीत, आणि ते तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तिनं खुंटा ओढला. मी ओढला. सगळे गहू संपेपर्यंत आम्ही दळलो. गाणं नाही. नुसती दगडाची घरघर. हात तिचा माझ्या हातावर होता, आणि लाकडासारखा होता.

पीठ भरल्यावर तिनं जातं पुसलं, गोणपाट झाकलं आणि पिशवी घेतली. भाऊंना म्हणाली, "तुम्ही ऱ्हावा. तुमना रोट शे. मी जास." हितेंद्र मोटरसायकल घेऊन मागं गेला. ती बसली नाही. फाट्यापर्यंत चालत गेली.

हितेंद्र परत आला तो माझ्याकडं न बघता बागेत गेला. भाऊ जेवले नाहीत.

आज सविताचं पेन कुठंही अडलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला नथ घातली, शालू नेसवला. रोट झाले. भाऊंनी खाल्ला, पाण्याबरोबर ढकलला. बाकी काही लिहायचं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

काल कानबाईला नदीवर पोहोचवलं. भाऊ आज सकाळच्या बसनं गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, माझी मूठ पडली, झालं. तिची बाजू मी काय सांगू."

पार्वताच्या नावाचा रोट फडक्यात बांधलेला तसाच आहे. शेजारणीनं सुचवलं, दोघातिघांत वाटून खा, संपेल. मी म्हटलं, तू तुझ्या घरचं बघ.

पेटी मी हितेंद्रसमोर बंद केली. या वेळी त्यानं ती पुन्हा लावली नाही. सगळा दोष पेटीचाच आहे, यावर मी ठाम आहे. पोरानं हसायचं केव्हा ते तिनंच शिकवलं. ठाम आहे असं लिही.

दुपारी तेजस माझ्या मांडीवर येऊन पडला. पेटीसाठी रडेल असं वाटलं होतं. रडला नाही. म्हणाला, "आजी, तू बोल ना. टीव्हीपेक्षा तूच भारी बोलतेस."

"काय बोलू?"

"कुणालापण. शेजारच्या काकूला बोल. मम्मीला बोल. समाधानला कसं बोलायचं ते सांग."

मी तोंड उघडलं. शेजारणीसाठी एक तयार होतं, सवितासाठी दोन. समाधानसाठीसुद्धा आलं जिभेवर, त्या पोराला मी एकदाच बघितलंय. पोरगं माझ्या ओठांकडं बघत होतं, डोळे तसेच, पेटीसमोर असतात तसे.

मी त्याला म्हटलं, झोप.

९ ऑगस्ट, शनिवार. पौर्णिमा

काल शिंदखेड्याला जाऊन आले. तेजसला घेऊन. सविता म्हणाली मी येते, मी म्हटलं नको, तुला जागा दोन लागतील. म्हणाले खरी, आणि मग तिच्याकडं बघितलं. ती पिशवी भरत होती. पोरगं माझ्याकडं बघून हसायच्या तयारीत. मी म्हटलं, "हसू नकोस रे, आजी चुकीचं बोलली. बसमध्ये एकीला एकच जागा लागते." सविता पिशवीत डबा ठेवत होती, ठेवता ठेवता थांबली. मग पाण्याची बाटलीही ठेवली.

रोट वेशीबाहेर नेऊ नये म्हणतात. टाकू नये असंही म्हणतात. दोन्ही पाळता येत नव्हतं.

बसमध्ये तेजसनं विचारलं, "तिथं गेल्यावर मी काय बोलू?"

"काही नाही."

"आणि तू?"

"मीपण काही नाही."

पोराला हा खेळ वाटला. पारोळ्यापर्यंत तोंडावर बोट ठेवून बसला, मग झोपला.

शिंदखेड्याला पार्वता ओट्यावर शेंगा फोडत होती. उठली नाही. भाऊ आतून "या, या" म्हणाले. मी फडकं सोडून तिच्यासमोर ठेवलं. मी बोलले नाही, तेजस बोलला नाही. तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं.

"काय व अक्का, जीभ घर ठी उनी का?"

तेजस मान वर करून माझ्याकडं बघू लागला. जीभ घरी ठेवली नव्हती, दातांखाली धरली होती.

तिनं हात धुतले. रोट मोडला, कडक झाला होता, करकर वाजला. एक तुकडा देवापुढं ठेवला, एक भाऊंना दिला, एक तेजसला. मला दिला नाही, मी माझा रविवारीच खाल्ला होता. उरलेला ती खात बसली, आमच्यासमोर, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. तळहातावरची भुकटीसुद्धा चाटली. कण सांडू दिला नाही. मग पाणी प्यायली.

"रोट खादा, अक्का," म्हणाली. "तो घरना शे. तुनं बोलनं नही खादं. ते अजून तठेच शे."

ओट्यावर ऊन होतं. शेंगांची टरफलं उडत होती. लोटनभाऊ एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं. मी माझ्या जागेवरून उठले नाही, ती तिच्या.

उत्तर होतं माझ्याकडं. ऐन वेळी आलं, आणि फार चांगलं आलं. असं की ऐकणारा महिनाभर हसला असता. तेजसला ते दिसलं. पोरगं माझ्या तोंडाकडं टक लावून बसलं होतं, ओठ आधीच हसायला फाकलेले.

मी ते गिळलं. मग खाली बसून तिच्या सुपातल्या शेंगा फोडायला लागले. थोड्या वेळानं तेजसही फोडायला लागला. बसची वेळ होईपर्यंत तिघं फोडत होतो. निघताना तिनं त्याच्या खिशात दाणे भरले. मला काही दिलं नाही.

काय उत्तर होतं म्हणून विचारतेस? पेन खाली ठेव, सविता. ते लिहायचं नाही.